फ्लॅटचा भाव आणि विजेचं बिल : घराच्या ‘स्टार’मध्ये तुमचा धंदा कुठे आहे?



पंचवीस हजारांचा फ्रिज घेताना आपलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारतं? “किती स्टार आहे?” तोच माणूस भांडुपमध्ये ऐंशी लाखांचा फ्लॅट बघायला जातो, तेव्हा विचारतो स्टेशन किती लांब, पाणी किती तास, पार्किंग आहे का. मे महिन्यात या घराचं लाईट बिल किती येतं, हे कोणी विचारत नाही. आजच्या व्हिडिओत मी हाच मुद्दा मांडलाय. इथे जरा हिशेबासकट बघू.

घरालाही स्टार असतो

फ्रिज-एसीवर स्टार लावणारी सरकारी संस्था म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो, आपण जिला बीईई म्हणतो. २००६ पासून उपकरणांना स्टार आले. आता घरांसाठीही १ ते ५ स्टारची योजना आहे, पण ती ऐच्छिक आहे. शिवाय डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ‘इको निवास संहिता’ आणली. नवी इमारत बांधताना भिंती, छत आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याचं मोजमाप त्यात आहे.

युरोपात हे सक्तीचं आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून घर विकायला काढताना ए ते जी अशी श्रेणी दाखवणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात चांगल्या श्रेणीच्या घरांना साधारण साडेतीन टक्के जास्त भाव मिळाल्याचं दिसलं. तो अभ्यास २०११ मध्ये छापून आला.

आपल्याकडे असं का होत नाही? कारण घेणाऱ्याला दिसतच नाही. रेडी रेकनरमध्ये स्टारचा रकाना नाही, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्येही नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरून हेच दाखवलं होतं : माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो. मग चांगल्या मालवाल्याचं नुकसान. थंड, हवेशीर घराचा मालकही तसाच मार खातो.

आधी कागदावर हिशेब

भांडुप-मुलुंड मुंबई महापालिकेत, पण वीज महावितरणची. घरगुती बिलाचे टप्पे असे : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्याचा दर जास्त. म्हणून गंमत बघा. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्या घराने १०० युनिट वाचवले, तर वाचतात ते सगळ्यात महागडे १०० युनिट.

सगळे आकार धरून हिशेबापुरते १५ रुपये युनिट पकडू. (तुम्ही स्वतःच्या बिलावरचा दर घाला.)

- महिन्याची बचत : १०० × १५ = १,५०० रुपये
- मार्च ते जून आणि ऑक्टोबर, असे ५ महिने : ७,५०० रुपये
- १० वर्षांत : ७५,००० रुपये

ऐंशी लाखांच्या फ्लॅटचा एक टक्का होतो ८०,००० रुपये. म्हणजे दहा वर्षांची बचत एक टक्काही भरत नाही! त्यामुळे कोणी “हे काम करा, फ्लॅटचा भाव पाच लाखांनी वाढेल” असं सांगत असेल, तर त्याला हात जोडा. आणि तुम्हीही असं कधी सांगू नका.

मग यात पैसा कुठे आहे? घर लवकर विकलं जाण्यात, घासाघीस कमी होण्यात आणि राहणाऱ्याला दुपारी झोप लागण्यात. त्यासाठी लोक पैसे देतात. पण त्यांना ते मोजून दाखवावं लागतं.

काय मोजायचं?

१. खिडकी. मुंबईसारख्या दमट हवेत, संहितेनुसार उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेटच्या निदान एक षष्ठांश हवं. ४०० चौरस फुटांच्या घराला साधारण ६७ चौरस फूट. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून ती निम्मीच धरायची. जुन्या इमारतींना हा नियम लागू नाही, पण मापदंड म्हणून उत्तम. गॅलरी आत घेऊन सरकत्या काचा लावलेली घरं इथे हमखास नापास होतात.

२. दिशा. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किंवा बाहेरून आडोसा आहे का? पडदा आतून लावला, तर ऊन काचेतून आधीच घरात आलेलं असतं.

३. छत. वरच्या मजल्यावर दुपारी ३ वाजता आणि रात्री १० वाजता छताचं तापमान थर्मामीटर गनने घ्या. उपाय पांढरा उष्णतारोधक लेप असो की पत्र्याची शेड, सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. शेडला पालिकेचे नियमही लागतात.

४. बिल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा आलेख असतो. जानेवारी आणि मे शेजारी ठेवा. फरक बोलतो.

एक लक्षात ठेवा : पाच स्टारचा एसी मालक सोबत घेऊन जातो. छज्जा, खिडकी आणि छत घराबरोबर राहतात. घराच्या भावाशी संबंध असेल तर या तिघांचा.

धंदा कोणी करायचा?

खिडक्यांचं ॲल्युमिनियम काम करणारे, पेंटर, वॉटरप्रूफिंगवाले, इलेक्ट्रिशियन : तुम्ही आधीच त्या घरात जाताय. कोटेशनसोबत एक पानाचा ‘ऊन-वारा-बिल’ तक्ता द्या. काम झाल्यावर त्याच वेळेला पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून द्या. उन्हं सारखी नसतात, म्हणून त्या दिवसाचं बाहेरचं तापमानही नोंदवा. पुढचं गिऱ्हाईक तोच कागद आणेल.

सोसायटी धरायची असेल तर सोलरचं बोला. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलंय. लिफ्ट आणि पंपाचं बिल कमी झालं, तर मेंटेनन्सवरचा भार हलका होतो, आणि मेंटेनन्स मात्र प्रत्येक घेणारा विचारतोच.

दोन पथ्यं पाळा. तुमच्या तक्त्याला ‘स्टार रेटिंग’ म्हणू नका, ते नाव बीईईचं. आणि खरेदी-विक्रीच्या दलालीत पडायचं असेल, तर महारेराचे नियम आधी वाचा.

या आठवड्याचा गृहपाठ : स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. टेप, मोबाईलमधलं होकायंत्र आणि बारा महिन्यांची बिलं घेऊन एक पान भरा. मग शेजारच्या दोन घरांचं भरा, फुकट. तीन पानं शेजारी ठेवली की एकाच मजल्यावरची, एकाच भावाची घरं किती वेगळी आहेत ते तुम्हाला दिसेल. तो फरक गिऱ्हाईकाला समजावता आला, की चौथ्या पानाचे पैसे मागायला लाजू नका.