खटाववाडी ते ऑपेरा हाऊस

१९६९ साली चंद्रकांत काकोडकर हे नाव दोन अगदी वेगळ्या ठिकाणी छापले गेले. २५ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एका कथेबद्दल निकाल दिला. आणि वर्ष संपण्याच्या आत राज खोसलांचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला, त्याची कथा काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवरची. एका ठिकाणी ते आरोपी होते, दुसऱ्या ठिकाणी कथाकार. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र यांपैकी एकाही प्रसंगाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळालेली नाही.

‘दो रास्ते’च्या श्रेयनामावलीत आणखी एक मराठी नाव आहे: पटकथा, जी. आर. कामत. हिंदी प्रेक्षक हे नाव वाचून पुढे गेले. ज्यांना गिरगावातल्या खटाववाडीची माहिती होती त्यांना मात्र ते ग. रा. कामत म्हणून ओळखीचे होते. ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’च्या संपादनात श्री. पु. भागवत, वि. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याबरोबर ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे कामत. एक वाचनालयांचा लाडका प्रेमकथाकार आणि एक नियतकालिकाच्या टेबलावरून उठून सिनेमात गेलेला संपादक. या दोघांची वाट ‘दो रास्ते’मध्ये एकत्र आली. पत्रकारितेतून प्रेमकथेकडे आणि तिथून पटकथेकडे जाणारा मराठी रस्ता कसा होता, हे पाहायचे तर या दोघांकडे एकत्रच पाहावे लागते. एकट्याची गोष्ट अर्धीच राहते.

आधी खटल्याविषयी, कारण त्याचा दिवाळी अंकाशी थेट संबंध आहे. ‘रंभा’ या पुण्यातून निघणाऱ्या मराठी मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. नायक कवी, आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ही गोष्ट. पुण्यातल्या एका वाचकाने ती अश्लील असल्याची तक्रार केली आणि भारतीय दंडविधानाच्या २९२व्या कलमाखाली खटला उभा राहिला. दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला सोडून दिले. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने दोघांना दोषी धरले आणि प्रत्येकी २५ रुपये दंड केला. त्यांच्या ताब्यातले अंक नष्ट करण्याचाही आदेश झाला.

२५ रुपये ही रक्कम वाचून हसू येते. पण लेखकाच्या दृष्टीने प्रश्न रकमेचा नव्हता. मासिकांत लिहून पोट भरणाऱ्या माणसावर ‘अश्लील लेखक’ हा शिक्का कायद्याने बसला असता, तर पुढचा प्रत्येक संपादक आणि प्रत्येक मुद्रक त्याचे हस्तलिखित हातात घेताना दोनदा विचार करता. मुद्रकही आरोपी होतो, हे या खटल्याने सगळ्यांना दाखवून दिले होतेच. शिवाय काळ प्रतिकूल होता. १९६४ साली ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती आणि १८६८ सालची इंग्लंडमधली हिकलिन कसोटी आपल्याकडे लागू धरली होती. मजकूर ज्यांच्या हाती पडू शकतो, त्यांतली कच्ची मने त्याने बिघडतील का, असा त्या कसोटीचा रोख होता.

काकोडकरांच्या अपिलात न्यायालयाने ती कसोटी टाकून दिली नाही, पण तिच्याकडे पाहण्याची नजर बदलली. संपूर्ण कथा वाचून मत बनवावे, सुटे उतारे काढून नव्हे. एखाद्या वाचकाचा नव्हे, तर वाचकांच्या वर्गाचा विचार करावा. समाजाच्या कल्पना बदलत असतात, त्या आजच्या मापाने मोजाव्यात. आणि लैंगिक उल्लेख असणे म्हणजेच अश्लीलता मानली, तर दुकानात धार्मिक पुस्तकांखेरीज काही ठेवता येणार नाही, असेही निकालपत्रात सुचवले आहे. काकोडकर सुटले. गंमत अशी की कथा वाङ्मयीनदृष्ट्या उंचीची आहे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. ती अपरिपक्व आणि अभिरुचीला न पटणारी असू शकेल, पण गुन्हा नाही, असा त्याचा सूर आहे. मला हा सूर महत्त्वाचा वाटतो. बेताच्या कथेलाही कायद्याचे संरक्षण मिळाले. अभिजात कृतींसाठी भांडायला वकील आणि प्राध्यापक पुष्कळ मिळतात. यानंतर तेराच दिवसांनी, ७ सप्टेंबर १९६९ रोजी, २९२व्या कलमाची दुरुस्ती अमलात आली आणि साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवादाची जागा मिळाली. पुढची कित्येक वर्षे अश्लीलतेच्या खटल्यांत ‘काकोडकर’ हे नाव उद्धृत होत राहिले. कादंबरीकार म्हणून त्यांना विसरलेले लोक कायद्याच्या वर्गात त्यांना वाचतात!

आता वाचकवर्ग. दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यातल्या चाळींत पुस्तक विकत घेणारी घरे थोडी होती. अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी भरून घरपोच किंवा कोपऱ्यावरच्या वाचनालयातून पुस्तके आणणारी घरे मात्र खूप. वाचनालयाच्या मालकाचे गणित सरळ असते: जे पुस्तक आठवड्यात परत येते आणि लगेच दुसऱ्या घरी जाते, ते चांगले. काकोडकरांच्या कादंबऱ्या या गणितात बसत होत्या. दुपारच्या दोन तासांत पाचपंचवीस पाने व्हावीत, प्रकरण अशा ठिकाणी संपावे की कुकरची शिट्टी विसरली जावी, आणि माणसे अशी असावीत की शेजारणीला त्यांची गोष्ट सांगता यावी. या कादंबऱ्यांना नाके मुरडणारी समीक्षा आपल्याकडे भरपूर आहे. त्या कशा बांधल्या होत्या हे उलगडणारी फारशी नाही.

‘सत्यकथा’ बरोबर उलट्या टोकाला. १९३३ साली निघालेल्या या मासिकाने गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेला घर दिले. तिथल्या संपादनाच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. कथा परत यायची ती लांबलचक पत्रासह. कुठे सैल पडली, कोणते पात्र उगाच आले, शेवट दोन परिच्छेद आधी होतो आहे का, अशा सूचना असायच्या. लेखक चिडत, पण पुन्हा लिहीत.

हे काम काही वर्षे केलेला माणूस पटकथेच्या टेबलाशी बसला, की त्याला नवे असे कितीसे शिकायचे असते? पटकथा म्हणजे एका अर्थाने कापाकापी. कादंबरीकार नायिकेच्या मनातली घालमेल चार पानांत सांगतो. पटकथाकाराला तिच्या हातात एखादे काम, एखादी वस्तू द्यावी लागते किंवा दारात कुणाला तरी उभे करावे लागते. काय सांगायचे हे कादंबरीत असतेच. काय सांगायचे नाही हे ठरवणे संपादकाच्या हाताला सवयीचे असते. कामतांचा खरा धंदा हाच होता असे मला वाटते, मौजेतही आणि सिनेमातही.

‘मेरा साया’ (१९६६) पाहा. जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी, तिच्यावर राजा परांजपे यांनी १९६४ साली केलेला ‘पाठलाग’, आणि त्यावरून राज खोसलांचा हिंदी चित्रपट, पटकथा पुन्हा कामतांची. नायक वकील. पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत वारलेली. मग पोलिस एका दरोडेखोर स्त्रीला पकडतात, ती हुबेहूब पत्नीसारखी, आणि म्हणते, मीच तुमची बायको. भर कोर्टात नवऱ्याने तिची उलटतपासणी करायची. प्रेमकथा आणि साक्षीपुरावे एकाच प्रसंगात आणणारी ही रचना आहे. त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या संसारातल्या खुणा इथे पुरावा म्हणून पुढे येतात. उलटतपासणीत प्रश्न नेमका असावा लागतो आणि उत्तराने पुढचा प्रश्न जन्मावा लागतो. भावनेला पसरायला जागाच नाही, म्हणून ती साठत जाते.

‘दो रास्ते’त अडचण वेगळी होती. ‘नीलांबरी’ हे शीर्षक स्त्रीच्या नावाचे, चित्रपटाचे शीर्षक मात्र दोन वाटांचे. चित्रपटातल्या श्रीमंत घरातून आलेल्या, बिंदूने रंगवलेल्या सुनेचे नाव नीला आहे. सगळ्या गोष्टीचा भार मात्र सावत्र आई आणि भावंडांना सांभाळणाऱ्या थोरल्या भावावर, म्हणजे बलराज सहानींवर आहे. राजेश खन्ना आणि मुमताज यांचे प्रेम, त्यांची गाणी, हे सगळे लोकांना आठवते. घर फुटण्याची गोष्ट मात्र चाळीतल्या प्रेक्षकाला स्वतःची वाटली. एका खोलीत दोन भावांचे संसार, कुणाचा पगार कुणाच्या शिक्षणाला गेला याचे न बोललेले हिशेब: लालबाग-परळात याला कथानक म्हणत नाहीत, रोजचे जगणे म्हणतात. ऑपेरा हाऊसच्या परिसरात, ऑपेरा हाऊस आणि रॉक्सी या समोरासमोरच्या थिएटरांत तेव्हा ‘आराधना’ आणि ‘दो रास्ते’ चालत होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना राजेश खन्नाच होता. खटाववाडीतून तिथे चालत पंधरा मिनिटांत पोहोचता येते.

ही वाट कामतांनी पहिल्यांदा पाडली असे नाही. अनंत काणेकर गिरगावच्याच वातावरणातले, वकिली शिकलेले, ‘चित्रा’ साप्ताहिकाचे संपादक. त्यांनी प्रभातच्या ‘माणूस’चे (१९३९) संवाद आणि गाणी लिहिली. वेश्येवर जीव जडलेल्या पोलिस शिपायाची ती गोष्ट, आणि संवादांत भाषण नाही, हा साप्ताहिकाच्या स्तंभाचा गुण. अत्रे उलट्या दिशेने आले. ‘ब्रह्मचारी’ १९३८चा, ‘नवयुग’ १९४०चे, आणि ‘मराठा’ दैनिक १९५६चे. जयवंत दळवी ‘प्रभात’ आणि ‘लोकसत्ता’ या दैनिकांतून कादंबरीकडे गेले. त्यांची ‘महानंदा’ (१९७०) गोव्यातल्या भाविणीच्या प्रेमाची. तिच्यावरून शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ नाटक केले. दळवींच्याच ‘चक्र’वरच्या चित्रपटासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यात काकोडकरांचे काय झाले, हा प्रश्न उरतो. हिंदी सिनेमात लेखनाची कामे वाटलेली असतात: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ‘दो रास्ते’ आणि ‘मेरा साया’ दोन्हींचे संवाद उर्दू कवी अख्तर-उल-ईमान यांचे. या वाटणीत मराठी कादंबरीकाराच्या वाट्याला पहिली पाटी येते आणि त्याची भाषा तिथेच थांबते. १९३६ साली हंस पिक्चर्सच्या ‘छाया’साठी वि. स. खांडेकरांनी लिहिले तेव्हा लेखकाचे शब्द मराठी प्रेक्षकाच्या कानी थेट पोहोचत. दादरच्या स्टुडिओंतून हिंदी चित्रपट निघू लागल्यावर मराठी लेखकाकडून बहुधा कथानक घेतले गेले, भाषा नाही. कामतांसारख्याला हे चालले, कारण पटकथेत त्याचे काम भाषेच्या अलीकडचे, रचनेचे. रचना मराठीतून उर्दूत जाताना सांडत नाही.

१९७८ साली राज खोसला पुन्हा काकोडकरांकडे वळले. ‘अशी तुझी प्रीत’वरून ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ आला, संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे फिल्मफेअर त्याला मिळाले, नूतनला अभिनेत्रीचे आणि रझांना संवादांचे. ‘सत्यकथा’ त्यानंतर चार वर्षांनी बंद पडली. काकोडकरांच्या कादंबऱ्या तेव्हाही वाचनालयांत फिरत होत्या, कव्हरावर खाकी कागद घातलेल्या आणि मागच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के उमटलेल्या.