बायपासनंतरचा विसराळूपणा

"बायपास झाली, हृदय ठणठणीत आहे, पण बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत." आपल्या मंडळींत हे वाक्य अधूनमधून कानावर येतं. किल्ल्या सापडत नाहीत, ब्रिज खेळताना पत्ते लक्षात राहत नाहीत. हे वयाचं की ऑपरेशनचं?

शंका निराधार नाही. ड्यूक विद्यापीठाने बायपासच्या २६१ रुग्णांची स्मरणशक्ती व एकाग्रता ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासली. २००१ साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत: घरी जाताना ५३ टक्के रुग्णांत घसरण, सहा महिन्यांनी २४ टक्के, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के!

मग साध्या रक्ततपासणीने हा धोका आधीच कळणार नाही का? मेंदूला इजा झाली की 'एस-१०० बी' हे प्रथिन रक्तात उतरतं, म्हणून त्यावर मोठी भिस्त होती. पण ते चरबी आणि स्नायूंतही असतं. छातीच्या जखमेतलं रक्त मशीनवाटे परत शरीरात गेलं की मेंदू सुखरूप असूनही आकडा चढतो. दुसरं 'एनोलेज' तांबड्या पेशींतही असतं, आणि पंपात त्या पेशी फुटतात. अलीकडचं 'न्यूरोफिलामेंट लाइट' थेट मज्जातंतूंतून येतं, त्यामुळे ते अधिक भरवशाचं. मात्र वय वाढलं किंवा मूत्रपिंडं मंदावली तरी तेही वाढतं. एकट्या आकड्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही.

दिलासा देणारी गोष्टही आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी बायपास झालेल्यांची तुलना ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी केली. काही वर्षांनंतरची घसरण दोन्हींकडे साधारण सारखीच! म्हणजे उशिरा येणाऱ्या विसराळूपणाचा दोष बराचसा रोगट रक्तवाहिन्यांचा. तेव्हा या भीतीपोटी गरजेचं ऑपरेशन टाळू नका. ब्लडप्रेशर, मधुमेह, कोलेस्टेरॉल मात्र आटोक्यात ठेवा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत पेशंट बरळू लागला, दिवस-रात्र विसरला, तर नर्सला लगेच सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ असू द्या. आणि मराठी बोलणारं कुणीतरी उशाशी बसवा. आईला नर्सचं इंग्रजी कळलं नाही, याचा अर्थ ती भ्रमात आहे असा नव्हे. हा फरक घरचं माणूसच सांगू शकतं.