ब्राउझर निवडताना

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावे वेगळी असली तरी त्यांचे इंजिन एकच आहे: गूगलच्या पुढाकाराने चालणारा क्रोमियम प्रकल्प. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये एज त्याच पायावर नव्याने आणला. म्हणून वेगात फारसा फरक जाणवत नाही. फरक आहे तो सोयींत.

गूगल खाते वापरणाऱ्याला क्रोम सोपा पडतो. परभाषेतले पान तो मराठीत करून दाखवतो. एज लेख मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. डोळे थकलेल्यांना ही मोठीच सोय. ब्रेव्ह जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट मुळातच अडवतो.

मोझिलाचा फायरफॉक्स गेको या स्वतंत्र इंजिनावर चालतो. अँड्रॉइड फोनवरही त्यात जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन बसवता येतात. फोनवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही. अॅपलचा सफारी वेबकिट इंजिन वापरतो. तो फक्त अॅपलच्याच उपकरणांवर मिळतो.

एक गैरसमज मात्र सगळीकडे सारखाच: इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत आपण काय पाहतो ते कुणालाच कळत नाही. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की त्या वेळचा इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, एवढेच. इंटरनेट कंपनीला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही कोणती साइट उघडली, हे तरीही कळू शकते.

कोणताही ब्राउझर घ्या, पण अपडेट टाळू नका.