दम्याचा श्वास

गोंदिया हे भातगिरण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. मळणीच्या दिवसांत जिल्ह्यातील खळ्यांवर धान उफणले जाते आणि तुसाची बारीक धूळ हवेत तरंगते. निरोगी मुलास तिने फार तर शिंका येतात. दमेकरी मुलाचा मात्र श्वास कोंडतो. असे का व्हावे?

दम्यात श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले असते. धूळ, चुलीचा धूर किंवा सर्दी यांचे निमित्त होताच नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात व आत चिकट कफ साचतो. हवा बाहेर पडताना अडते. छातीतून शिटीसारखा आवाज येतो तो यामुळेच.

झटका ओसरला की रोग गेला, असे घरच्यांस वाटते आणि औषध थांबते. सूज मात्र आत तशीच असते! म्हणून आवळलेले स्नायू लवकर सैल करणाऱ्या औषधाखेरीज, सूज उतरवणारे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, बरे वाटत असतानाही, घ्यावे लागते. १९५६ साली निघालेल्या फवाऱ्याच्या इन्हेलरने औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. त्यामुळे ते अगदी थोडे पुरते. त्याचे व्यसन लागते, ही समजूत निराधार आहे.

झटका आल्यास रुग्णास निजवू नये, ताठ बसवावे. फवाऱ्याने आराम न पडल्यास, बोलणे अशक्य झाल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.