भाताचं स्फुरद वालापर्यंत का पोचत नाही?

डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतं. कर्जत-खालापूरच्या खाचरात ते पडल्यावर त्याचा लहानसा हिस्साच त्या हंगामातल्या पिकाला मिळतो. बाकीचं पावसानं वाहून नेलं, असा सर्वसाधारण समज आहे. नत्राच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. स्फुरद मात्र बहुतेक वेळा माती वाहून गेली तरच बांध ओलांडतं. एरवी जिथं पडतं तिथंच अडकून बसतं.

त्याला अडकवतं ते मातीतलं लोह. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजताना पावसानं त्यातला चुना आणि सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. माथेरानची तांबडी माती हे त्याचं टोकाचं रूप. खाली उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात माती काळसर होत जाते, पण लोह तिथंही भरपूर आहे. विरघळलेलं स्फुरद या ऑक्साइडांच्या पृष्ठभागाला घट्ट जोडलं जातं आणि दिवस जातील तसं आत मुरतं. माती जितकी आम्लधर्मी, तितकी ही पकड पक्की.

मग आवणीचं भात तगतं कसं? चिखलणी करून पाणी कोंडलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी लोहाकडे वळतात आणि त्या क्रियेत न विरघळणारं लोह विरघळणारं होतं. तांबूस चिखल करडा पडतो, आम्लता उतरते आणि लोहानं धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. भाताची मुळं नेमकी तेव्हा तिथं असतात. भातखाचराची ही किमया मला खताच्या कुठल्याही गोणीपेक्षा मोलाची वाटते.

कापणीनंतर मात्र चक्र उलटं फिरतं. जमीन वाळते, हवा आत शिरते आणि लोहाचं पुन्हा ऑक्साइड होतं. हे ताजं ऑक्साइड जुन्यापेक्षा जास्त स्फुरद ओढून घेतं. नेमक्या अशा वेळी उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. ‘भाताला दिलंय, तेवढं पुरेल’ म्हणून त्याला बरेचदा वेगळं खत मिळत नाही. खरी गरज त्यालाच असते: कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींना नत्र बांधायला स्फुरद लागतं. राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथं खाचर पुन्हा भरतं आणि लोह पुन्हा सैल होतं.

म्हणून खत किती, याआधी ते कुठं आणि कधी, हे ठरवायला हवं. स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतं. फेकून दिलं तर मातीच्या असंख्य कणांना भेटतं, एका जागी दिलं तर थोड्यांना. चारसूत्री भातशेतीत हेच साधलं आहे: युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोचतात, एका गुंठ्याला साधारण सव्वासहाशे. त्याच पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात. तो कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं लोहावरच्या जागा अडवतात, शेणखतही तेच करतं.

वालासाठी सिंगल सुपर फॉस्फेट बियाण्याच्या थोडं खाली, ओळीत पेरावं. त्यात 16 टक्के स्फुरद असतं, शिवाय कडधान्याला हवं असलेलं गंधकही मिळतं. माती तपासायला देताना ती भाताच्या पाण्याखालची न नेता वाल पेरण्याआधीची, वाळलेली न्यावी.