निष्पादक, मृत्युपत्राचा
मृत्युपत्रकर्त्याने आपल्या अंतिम इच्छेची अंमलबजावणी ज्या व्यक्तीवर सोपविलेली असते, ती व्यक्ती. व्यवहारात तिला एक्झिक्युटर किंवा मृत्युपत्राचा व्यवस्थापक असेही म्हणतात. नियुक्ती स्पष्ट शब्दांनी होते किंवा मृत्युपत्राच्या आशयावरून अपरिहार्यपणे सूचित होते. निष्पादकास हे काम नाकारता येते. परंतु मालमत्तेचा कारभार हाती घेतल्यावर त्याच्यावर कायदेशीर जबाबदारी येते.

भारतात या विषयाचे नियमन प्रामुख्याने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने होते. कलम २११ अन्वये मृताची मालमत्ता निष्पादकाकडे निहित होते. मात्र ती त्याच्या उपभोगासाठी नसून प्रतिनिधी या नात्याने असते. अज्ञान किंवा विकल मनाच्या व्यक्तीस प्रोबेट (मृत्युपत्राचे न्यायालयीन प्रमाणपत्र) दिले जात नाही.

कर्तव्ये : मृताच्या ऐपतीस साजेसा अंत्यविधी करण्यासाठी त्याच्या मालमत्तेतून पैसा पुरविणे, हे पहिले कर्तव्य होय. त्यानंतर मालमत्ता व येणी वाजवी तत्परतेने गोळा करावी लागतात. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची व देण्यांची यादी आणि एक वर्षात हिशेब न्यायालयास सादर करावा लागतो. देणी फेडण्याचा क्रम ठरलेला आहे : प्रथम अंत्यविधीचा व अखेरच्या आजारपणाचा खर्च, नंतर प्रोबेटचा खर्च, त्यानंतर मजूर, कारागीर व घरगुती नोकर यांचे मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील वेतन आणि मग इतर कर्जे. कर्जे फेडल्याखेरीज मृत्युदाने देता येत नाहीत. तसेच मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत ती देण्याची सक्ती निष्पादकावर नसते.

गैरवापराने मालमत्तेचे नुकसान झाल्यास किंवा हयगयीमुळे येणे बुडाल्यास ते निष्पादकास स्वतः भरून द्यावे लागते. अधिकार नसता मृताच्या मालमत्तेत हात घालणारी व्यक्तीही अशीच जबाबदार धरली जाते.

प्रोबेट : कलम २१३ मुळे हिंदूंच्या मृत्युपत्राबाबत स्थळाला दीर्घकाळ महत्त्व होते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीजवळच्या पूर्णा या गावी केलेले, तेथीलच घर किंवा गोदामासंबंधीचे मृत्युपत्र प्रोबेटशिवाय न्यायालयात मांडता येई. तेच मृत्युपत्र मुंबई शहरात केलेले असल्यास किंवा त्यात तेथील स्थावर मालमत्ता असल्यास प्रोबेट आवश्यक ठरे. संसदेने २०२५ मध्ये हे कलम वगळल्याने ही सक्ती संपली. तरीही वाद असल्यास प्रोबेटचे महत्त्व उरतेच. कारण त्याने निष्पादकाच्या पूर्वीच्या कृत्यांनाही वैधता येते. पूर्णासारख्या गावातील जमिनीच्या बाबतीत सात-बारा उताऱ्यावर फेरफार नोंदविण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. अशी नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. मृत्युपत्राच्या खरेपणाचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते.

निष्पादकाच्या चिकाटीचे प्रसिद्ध उदाहरण आल्फ्रेड नोबेल यांच्या मृत्युपत्राचे आहे. ते १८९६ मध्ये मरण पावल्यावर नातेवाइकांनी हरकती घेतल्या. राग्नार सोलमन व रूडॉल्फ लिलिएक्विस्ट या निष्पादकांच्या प्रयत्नांनी १९०० मध्ये नोबेल प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९०१ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली.

मृत्युपत्रात लिहिलेली इच्छा केवळ कागदावर राहू नये आणि धनको, नोकर व लाभार्थी यांपैकी कोणाचाही हक्क बुडू नये, ही दुहेरी जबाबदारी निष्पादकाची असते. म्हणून त्याची निवड करताना नात्यापेक्षा सचोटी व हिशेबीपणा पाहणे इष्ट ठरते.