एका रेघेत रांगोळी

मैत्रिणींनो, स्वस्तिक काढल्याशिवाय आपलं एकही शुभकार्य होत नाही. पण हात न उचलता आणि काढलेल्या रेघेवरून पुन्हा न जाता तुम्ही ते कधी काढून पाहिलंय? जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने करून बघा. नाही ना जमत? ते कुणालाच जमणार नाही, आणि का, तेही सांगता येतं. मुलं असली कोडी घेऊन येतात तेव्हा हे कारण आईला ठाऊक असलेलं बरं.

समजून घ्यायला आपलं कल्याण स्टेशन पुरे. लोकलच्या नकाशावर इथे तीन वाटा मिळतात: डोंबिवली-ठाण्याकडची, कसाऱ्याची आणि कर्जतची. ठाण्याकडून आलात, कसाऱ्याला गेलात, की कर्जतची उरतेच. चित्रातही तसंच. तीन रेघा मिळतात त्या बिंदूवर एकीने यायचं, दुसरीने जायचं, तिसरी शिल्लक! ती पुरी करायची तर चित्राची सुरुवात किंवा शेवट त्याच बिंदूवर हवा. एक, तीन, पाच अशा विषम रेघांच्या प्रत्येक बिंदूची हीच अडचण. आणि चित्राला सुरुवात एकच, शेवटही एकच.

म्हणून चित्र अखंड जोडलेलं असेल, तर आधी विषम बिंदू मोजा.

१. एकही नसेल, तर कुठूनही सुरू करा. फिरून तिथेच याल. पाच टोकांची चांदणी अशी आहे.

२. दोन असतील, तर एकापासून निघा, दुसऱ्यावर संपवा.

३. चार किंवा अधिक असतील, तर एका रेघेत होणार नाही. त्यांच्या निम्म्या रेघा लागतील.

विषम बिंदू एक किंवा तीन आले, तर मोजण्यात चूक आहे असं समजा. प्रत्येक रेघेला दोन टोकं असल्याने ते नेहमी जोडीनेच येतात.

स्वस्तिकाची चार मोकळी टोकं म्हणजे चार विषम बिंदू. म्हणून ते दोन रेघांत होतं, एका नाही. मुलांचं आवडतं पाकीट घ्या: चौकोन आणि आत फुली. चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा, म्हणजे अशक्य. त्यावर दोन रेघांचं छप्पर चढवा. वरचे कोपरे चार-चार रेघांचे झाले, खालचे दोनच विषम उरले. आता खालच्या कोपऱ्यातून निघा, घर पुरं होतं!

हा विचार प्रथम मांडला ऑयलर या गणितज्ञाने. कोनिग्सबर्ग (आजचं रशियातलं कालिनिनग्राद) गावात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे फिरता येतील का, असा प्रश्न होता. नदीने पाडलेल्या चारही भागांना विषम पूल होते. एकाला पाच, बाकीच्यांना तीन-तीन. ऑयलरने १७३६ मध्ये दाखवून दिलं की हे शक्य नाही. त्यातूनच पुढे ग्राफ थिअरी ही शाखा वाढली. पोस्टमनने सगळ्या गल्ल्या कमीत कमी चालून कशा कराव्यात, हा प्रश्न चिनी गणितज्ञ क्वान मेई-को यांनी १९६० साली मांडला, तोही याच घराण्यातला.

शेजारी तमिळ कुटुंब असेल, तर त्यांच्या दारातलं कोलम निरखून पाहा. ठिपक्यांभोवती वळत जाणारी अखंड रेघ स्वतःला छेदते तिथे चार वाटा होतात, सम! मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी यांनी १९७० च्या दशकात सहकाऱ्यांसह या कोलमचा गणिती अभ्यास केला. बायकांच्या हातातली ही कला प्राध्यापकांच्या शोधनिबंधांत गेली, बरं का.

मुलगी पाकिटाचा दहावा कागद चुरगाळत बसते, तेव्हा ‘तुला गणितात गतीच नाही’ असं आपल्या तोंडून पटकन निघून जातं. ते शब्द तिच्या मनात फार दिवस राहतात, आणि बिचारी अशक्य चित्राशी झगडत असते. त्यापेक्षा तिला बिंदू मोजायला सांगा. ‘आई, हे होणारच नाही, कारण...’ असं ती म्हणाली, तर तिने कोडं सोडवलंच म्हणायचं.

या दिवाळीत ठिपके मांडलेत की लेकीला जवळ बोलवा आणि विचारा, ‘किती रेघांत होईल गं ही?’